चारशे बारा कंबरा

आमची सूनबाई ज्या वर्षी गाडी चालवायला शिकली आणि शिकता शिकता आमच्याच दुकानात शिरली, त्या वर्षाची ही गोष्ट आहे. शिरली म्हणजे गाडीसकट. इजा कोणाला झाली नाही. दुकानात मी आणि माझा थोरला भाऊ दोघेच होतो. मी मशीनवर, दादा बेतायच्या टेबलापाशी. शटर आत आलं, शटरानं भिंतीवरची फळी पाडली, आणि फळीवरच्या माझ्या मापांच्या अकरा वह्या खाली खळीच्या टपात पडल्या.

"बाबा, मी ब्रेकच दाबला होता," सूनबाई गाडीतून उतरत म्हणाली.

"चांगला पळतो तुझा ब्रेक," दादा म्हणाला आणि कात्री पुढे चालवली.

खळ वाळल्यावर अकरा वह्यांची मिळून एक वीट झाली. शेजारचा घड्याळवाला म्हणाला, उन्हात ठेवा. समोरचा न्हावी म्हणाला, वाफ द्या. मी दोन्ही केलं. मग सुरीनं पानं सोडवायला बसलो, तर कंपाउंडरची बाही निघाली ती वकिलांच्या छातीला चिकटूनच.

त्या वह्या म्हणजे माझी एकुलती एक विद्या होती. मी अक्षर शिकलो वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, प्रौढांच्या वर्गात. अक्षरओळख झाल्यावर लोक आधी स्वतःचं नाव लिहितात. मी मुख्याध्यापकांची छाती लिहिली: अडतीस. तेव्हापासून जे जे गिऱ्हाईक दुकानात आलं, ते मी वहीत उतरवलं. दादा हसायचा. तो कधीच अक्षर शिकला नाही. "माझं डोकं काय गळकं आहे?" म्हणायचा. आणि खरंच, चारशेच्या वर माणसांची मापं त्याच्या डोक्यात होती. वहीची गरज मलाच.

पण त्याच वर्षी ते डोकं गळायला लागलं होतं. तपासायला नेलं, तर त्यानं डॉक्टरांनाच विचारलं, "आपण कोण?" डॉक्टरांच्या अंगावरचा कोट दादानंच शिवलेला. माणूस आठवला नाही, पण कोटाचं माप त्यानं बिनचूक सांगितलं, वर 'डावा खांदा पाव इंच खाली आहे, त्याला आतून कापूस घातलाय' हेही सांगितलं. डॉक्टर खांदा वर करून बसले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "जे विचारून घ्यायचं ते वर्षभरात विचारून घ्या."

आता तुम्ही म्हणाल, गिऱ्हाइकं जिवंत आहेत, टेप आहे, पुन्हा मापं घ्या. घड्याळवालाही तेच म्हणाला. पण टेप लावला की माणूस खोटं बोलतो. पोट आत घेतो, छाती पुढे काढतो, नसलेली उंची दाखवतो. कोण किती खोटं बोलतो हे फक्त दादाला ठाऊक होतं, म्हणून आमचे कपडे बसायचे. ते सगळं त्याच्याबरोबर जाणार, एवढीच माझी काळजी होती.

"बाबा, आपण हे कॉम्प्युटरमध्ये ठेवू," सूनबाई म्हणाली. तिच्या मनात टपाचं होतंच. "तिथं खळ जात नाही."

"गाडी जाते का?" दादानं विचारलं.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर सकाळी दहा ते बारा असा सहा आठवड्यांचा वर्ग होता: रिलेशनल डेटाबेसची तोंडओळख. खालच्या मजल्यावर प्रवेशाचा कारकून बसायचा.

"शेवटची उत्तीर्ण परीक्षा?" त्यानं विचारलं.

"नाही."

"नाही म्हणजे? नापास?"

"नापास व्हायला परीक्षेला बसावं लागतं."

"आजोबा, रकाना रिकामा ठेवता येत नाही."

"माझ्या बाबतीत तो रिकामाच आहे हो."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, सुस्कारा सोडला आणि 'इतर' असं भरलं. मग वय विचारलं. मी एकाहत्तर सांगितलं. त्याच्या कॉम्प्युटरला साठच्या वरचं वय मान्य नव्हतं. त्यानं इकडंतिकडं पाहून सतरा लिहिलं. "आकडे जवळपास तेच आहेत," म्हणाला, "फक्त बसायची जागा बदललीय." मी म्हटलं, एकाहत्तरचे उलटे सतराच होतात, जवळपास कशाला. तो म्हणाला, मग तर बरंच झालं.

अशा रीतीनं मी वर्गाच्या पटावर अज्ञान बालक झालो. पहिल्याच दिवशी मला पालकाच्या सहीचा कागद मिळाला. सही सूनबाईनं केली, आणि 'पाल्याच्या प्रगतीकडे लक्ष द्यावे' या सूचनेखाली स्वतःच्या पेननं दोन रेघा ओढल्या.

वर्गातल्या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या, बोलणं मऊ, पण चूक सोडायच्या नाहीत. मी पहिल्या आठवड्यात एकच लांबरुंद तक्ता केला. गिऱ्हाईक, पत्ता, छाती, कंबर, बाही, आणि पुढं पहिला शर्ट, दुसरा शर्ट, तिसरा शर्ट असं करत अकरा शर्टांचे रकाने, कारण कोर्टातल्या टायपिस्टचे आमच्याकडे अकरा शर्ट झाले होते. बेकरीवाल्याचा एकच. त्याच्या नावापुढं दहा रकाने भकास.

"काका, टायपिस्टनं बारावा शिवला तर?" बाईंनी विचारलं.

"तर मी त्यांना सांगेन, आता पुरे."

बाईंनी मला दोन तक्ते करायला लावले. एक माणसांचा, एक कपड्यांचा. माणसाच्या तक्त्यात माणूस एकदाच येणार. कपड्याच्या तक्त्यात प्रत्येक कपड्याला एक ओळ, आणि त्या ओळीत माणसाचा फक्त क्रमांक. एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहायची. पत्ता दहा ठिकाणी लिहिला आणि माणसानं घर बदललं, तर तो नऊ ठिकाणी जुन्याच घरात राहतो. हे मला फार पटलं. आमच्या नात्यात अशी माणसं आहेत.

तिसऱ्या दिवशी त्यांनी रिकाम्या रकान्याबद्दल सांगितलं. "कंबर माहीत नाही आणि कंबर शून्य आहे, यात फरक आहे. माहीत नसेल तर रिकामं ठेवा. रिकामं म्हणजे शून्य नव्हे." मी उतरताना कारकुनाला हे मुद्दाम सांगितलं. तो म्हणाला, "ते वरच्या मजल्यावर. खालच्या मजल्यावर रकाना भरावाच लागतो."

आता क्रमांकांचं. प्रत्येक माणसाला दुसऱ्या कोणाचा नसेल असा एक क्रमांक हवा, असं बाई म्हणाल्या. हे मी दुकानात बोललो आणि चूक केली. घड्याळवाला म्हणाला, "क्रमांक कशाला, टेलिफोन नंबर घ्या." मी घेतले, तर नवराबायकोचा एकच निघाला, आणि वकीलसाहेबांच्या नावावर त्यांच्या बायकोचं पोलकं चढलं. न्हावी म्हणाला, "धंदा लिहा. कंपाउंडर म्हटलं की कंपाउंडर." आमच्या भागात कंपाउंडर तीन आहेत. शेवटी मी एकपासून साधे आकडे दिले, दादाला जसे आठवतील तसे.

"क्रमांकाला काही अर्थ नसतो, काका," बाई म्हणाल्या होत्या. त्यांना आमचा रस्ता ठाऊक नव्हता. दोन दिवसांत सगळ्यांना सगळ्यांचे क्रमांक कळले. घड्याळवाला नववा, औषधवाला आठवा. तीस वर्षांचा शेजार एका आकड्यावर नासला. मुख्याध्यापक दोनशे बारावे आले. ते दारात उभे राहून म्हणाले, "आमचे विद्यार्थी आमच्या पुढं गेलेले पाहून आनंदच होतो." मला राहवलं नाही. क्रमांक दोन एका परगावी गेलेल्या गिऱ्हाइकाचा होता, तो मी काढून मुख्याध्यापकांना दिला. पण कपड्यांच्या तक्त्यात ते दोनशे बारावरच राहिले. मग एक नवी मुलगी आली, तिला मी मोकळा पडलेला दोनशे बारा दिला. शनिवारी तिच्या आईला मुख्याध्यापकांचा करडा कोट मिळाला, आणि मुख्याध्यापकांनी घरी जाऊन पुडा उघडला तर आत झालरीचा फ्रॉक.

"माझ्या वयाला शोभेल असा रंग तरी घ्यायचा होता," एवढंच ते म्हणाले. पण पुढं दुकानात आल्यावर टोपी काढायचं त्यांनी बंद केलं.

बाईंनी मग मला दोन तक्ते एकमेकांना पक्के बांधायला शिकवलं. म्हणजे माणसांच्या तक्त्यात जो क्रमांक नाही, तो दुसरीकडं कुठं लिहूच द्यायचा नाही. मशीनच हात धरतं.

असे दोन महिने रोज दुपारी दादा सांगायचा आणि मी भरायचो. तेव्हा अजून त्याला इंच नीट आठवत होते. चारशे बारा माणसं भरली. वर्ग संपला, प्रमाणपत्र मिळालं. त्यावर 'वय वर्षे सतरा' असल्यानं सूनबाईनं ते चौकटीत घालून बाहेरच्या खोलीत लावलं, आणि आल्यागेल्याला सांगू लागली, "आमचे बाबा वयाच्या मानानं हुशार आहेत."

आणि मग खिळेवाला सुटला. सुटला म्हणजे अंगानं. त्याची कंबर अडतीसची चाळीस झाली. दादानं रस्त्यावरूनच जोखलं. मी कॉम्प्युटरपाशी बसलो आणि हुकूम लिहिला: माणसांच्या तक्त्यात कंबर चाळीस कर. मशीननं उत्तर दिलं: चारशे बारा ओळी बदलल्या. मला वाटलं, एकूण किती ओळी आहेत ते सांगतंय. आपण नाही का कुणी एकाची चौकशी केली तरी सगळ्या घरादाराची खुशाली सांगत. मग बाईंनी बजावल्याप्रमाणे लगेच सगळ्याची प्रत काढून ठेवली. जुन्या प्रतीवरच काढली. उगाच पसारा कशाला.

पुढच्याच आठवड्यात अग्निशमन दलाच्या बँडचं काम आलं. चौदा वादक, चौदा पँटी, लाल पट्टीच्या. नव्या बंबाच्या स्वागताला वाजवायचं होतं. दादा टेबलापाशी खडू घेऊन उभा राहिला, मी पडद्यावरून वाचू लागलो.

"मोठा ढोल. कंबर चाळीस."

"बरोबर."

"झांज. चाळीस."

दादानं खडू थांबवला. "छत्तीस असेल."

"चाळीस लिहिलंय."

"मग असेल." त्यानं रेघ मारली.

"क्लॅरिनेट. चाळीस."

"अरे, तो क्लॅरिनेटवाला? तो वाजवतो का वाद्य त्याला वाजवतं, कळत नाही इतका काडी आहे."

"दादा, मशीन सांगतंय."

त्यानं कापडावरून हात फिरवला. "मग माझंच चुकत असेल," म्हणाला, आणि बेतायला लागला. सातव्या पँटनंतर त्यानं विचारणंच सोडलं. मी वाचायचो, तो कापायचा.

तुम्ही विचाराल, चौदा वेळा चाळीस वाचताना तुझं डोकं कुठं होतं. ज्यानं एकेक अक्षर केस पिकायला लागल्यावर मिळवलंय, तो लिहिलेल्यावर संशय घेत नाही. मी मनाशी म्हटलं, बँडवाले सगळे एका साच्यातले असायचेच.

रंगीत तालीम अग्निशमन केंद्राच्या अंगणात होती. आम्हा दोघांना मुद्दाम बोलावलं होतं. बँडमास्तरांनी काठी वर केली, बँड चालू लागला, आणि तिसऱ्या पावलाला क्लॅरिनेटवाल्यानं एक हात कमरेला नेला. वाद्याला दोन्ही हात लागतात. तो सूर गेला. मग कर्णेवाल्यांनी एकेक हात काढला. झांजवाल्याची तर पंचाईतच. एक झांज सोडून पँट धरावी, तर उरलेली झांज आपटायची कशावर. दहा पावलांत सगळं संगीत थांबलं आणि फक्त मोठा ढोल वाजत राहिला, कारण त्याचीच पँट बसली होती. त्याला मागचं काही दिसत नव्हतं. तो एकटाच कोपऱ्यापर्यंत वाजवत गेला.

बँडमास्तर माझ्याजवळ आले. "स्वागत बंबाचं आहे," ते सावकाश म्हणाले. "आमच्या चड्ड्यांचं नाही."

मी मान खाली घातली. पण माझी नजर दादाकडं गेली, आणि तो काही हसत नव्हता. तो त्या पोरांच्या कमरांकडं बघत होता, एकेक करून, ओठ हलवत. मग त्यानं खिशातून खडू काढला, टेप न लावता उरलेल्या तेराच्या तेरा जणांना खुणा करून दिल्या, आणि मला म्हणाला, "या काडीची एकोणतीस. मी बोललो होतो की नाही?"

बाईंकडं गेलो. त्यांनी माझा हुकूम वाचला. "काका, व्हेअर कुठंय?"

"काय कुठंय?"

"कुणाची कंबर बदलायची ते. तुम्ही सांगितलंच नाही, म्हणून त्यानं सगळ्यांची बदलली." मग त्यांनी आधीची प्रत मागितली. मी जुन्या प्रतीवरच नवी काढल्याचं सांगितलं. बाईंनी पेनला टोपण लावून टाकलं.

दुकानात येऊन मी दादाला खरं काय ते सांगितलं.

"म्हणजे माझं बरोबर होतं?"

"चौदाच्या चौदा."

"आणि तुझं मशीन चुकलं?"

"मशीन नाही. मी चुकलो."

"हे जास्त चांगलं," तो म्हणाला आणि त्यानं लहानपणी मारायचा तशी माझ्या डोक्यात टपली मारली. पुढचे पंधरा दिवस जे गिऱ्हाईक येईल त्याला तो सांगायचा, "आमच्या धाकट्यानं सगळ्या वस्तीला एकाच पट्ट्यात बांधलं. मी होतो म्हणून सुटलात." खिळेवाला तेवढा नाराज झाला, सगळेच चाळीस असते तर त्याला बरं वाटलं असतं.

पण चारशे बारा कंबरा गेल्या त्या गेल्याच होत्या. आम्ही पुन्हा दुपारचे बसू लागलो आणि माझ्या लक्षात आलं की या चार महिन्यांत दादाचे इंचही गेले होते. अडतीस म्हणायला जायचा आणि अठ्ठावीस म्हणायचा. एक दिवस मी विचारायचंच सोडून दिलं आणि नुसतं म्हटलं, "औषधवाला जाडच झाला, नाही?"

"छे. अजून घड्याळवाल्यापेक्षा दोन बोटं कमीच आहे," तो पटकन म्हणाला.

"आणि घड्याळवाला?"

"मुख्याध्यापकांपेक्षा एक बोट जास्त. त्याला सांगू नकोस."

"मुख्याध्यापक?"

"झांजवाल्याएवढे."

त्याच्या डोक्यात एकाही माणसाची कंबर एकटी नव्हतीच. प्रत्येक जण कुणाच्या तरी आधारानं उभा होता. मी बाईंना सांगितलं. त्यांचे डोळे चमकले. नवा तक्ता करायला लावला त्यांनी: कोण, कुणापेक्षा, किती बोटं. दादाचं एक बोट म्हणजे पाऊण इंच, हे मी मोजून घेतलं. तीन आठवडे भरत होतो. घड्याळवाला रोज येऊन सांगायचा, "उगाच गुंता करताय. माझी घ्या टेपनं आणि त्यावरून सगळ्यांच्या काढा." एकदा त्यानं टेप लावूनही घेतला. दादा म्हणाला, "हा श्वास सोडेल तेव्हा मला उठव."

शेवटी थोडेच उरले. झांजवाला कुणापेक्षा, तर बेकरीवाल्यापेक्षा. बेकरीवाला कुणापेक्षा, तर क्लॅरिनेटवाल्यापेक्षा.

"आणि क्लॅरिनेटवाला?"

"तुझ्यापेक्षा चार बोटं जास्त."

मी माझी सदतीस धरून हिशेब केला. तीन इंच मिळवले. उत्तर आलं चाळीस. आकडेमोड पुन्हा केली, तरी चाळीसच.

"दादा, माझ्यापेक्षा तो जाड कसा असेल?"

"तुझी आत्ताची कोण विचारतंय. तेव्हाची."

"केव्हाची?"

"आपण हे काम धरलं तेव्हाची. शिकायला दुसरं अंग होतं कुठं आपल्याकडं? तुझ्यावरच शिकलो मी. मग जो आला तो तुझ्यावरून मोजला."

मी तसं भरायला गेलो, तर मशीननं हात धरला. असा माणूस माणसांच्या तक्त्यात नाही, म्हणालं. खरंच नव्हतो. बावन्न वर्षं दुकानात बसून मी कधी गिऱ्हाईक झालो नव्हतो. मग मी स्वतःची ओळ घातली, क्रमांक चारशे तेरा. कंबर माहीत नव्हती, म्हणून रिकामी ठेवली. बाईंनी एकावरून दुसऱ्याची कंबर काढत जाणारा एक लांबलचक प्रश्न लिहून दिला होता, तो मशीनला विचारला. चारशे बारा कंबरा रिकाम्या आल्या. जे माहीत नाही त्यात काहीही मिळवलं तरी ते माहीत नसलेलंच राहतं.

"दादा, मी एकोणीस वर्षांचा होतो तेव्हा माझी कंबर किती होती?"

त्याला आकडा आला नाही. तो ओठ हलवत राहिला, मग वैतागला, मग त्यानं दोन्ही हात पुढं केले आणि हवेत पँटचा पट्टा सपाट धरावा तसे धरले. हात जराही हलत नव्हते. मी उठून मधलं अंतर टेपनं मोजलं. तेरा इंच. दुप्पट सव्वीस.

मी हुकूम लिहिला, त्यात व्हेअर घातलं, क्रमांक चारशे तेरा घातला, तीनदा वाचला, सूनबाईला बोलावून वाचायला लावला. मशीन म्हणालं: एक ओळ बदलली. मग तो लांबलचक प्रश्न पुन्हा विचारला आणि चारशे बारा कंबरा एकाखाली एक येऊन उभ्या राहिल्या. क्लॅरिनेटवाला एकोणतीस. आम्ही घड्याळवाल्याला बोलावलं, बोलण्यात गुंतवलं, आणि त्यानं श्वास सोडल्यावर टेप लावला. पाव इंचाचा फरक आला. दादा म्हणाला, तो नुकताच जेवून आलाय.

त्यानंतर दादा सात महिने दुकानात येत होता. मग येईनासा झाला. पुढल्या वर्षी एप्रिलच्या सहा तारखेला, दुपारी सव्वातीनच्या सुमाराला, तो घरीच झोपेत वारला. त्याला ऐंशी पुरी व्हायला दोन महिने कमी होते.